एका दिवसात ओसाकाहून कुराशिकी (आपल्या सोसायटी ग्रुपवरून)

४०३ वहिनी: नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात लेकीकडे ओसाकाला चाललोय, तीन आठवडे. क्योतो मागच्या खेपेला पायाचे तुकडे पडेस्तोवर पाहून झालंय. ह्यांचं म्हणणं, देवळं पुरे, आता जुने वाडे दाखव. सकाळी जाऊन रात्री परत येता येईल असं काही आहे का? ९०२ ताई, तुम्ही गेला होतात ना?

९०२ ताई: वहिनी, डोळे मिटून कुराशिकीला जा. शिन-ओसाकाहून शिनकानसेनने (बुलेट ट्रेन) ओकायामा पाऊण तास, तिथून साध्या लोकलने १७-१८ मिनिटं. शिन-कुराशिकी नावाचं स्टेशन दिसेल, तिथे मात्र उतरू नका. जुनं गाव तिथून बरंच लांब आहे. मुंबई बघायला येऊन पनवेलला उतरल्यासारखं होईल.

९०२ ताई: आणि सोमवार टाळा. मी नेमकी सोमवारी गेले. ओहारा म्युझियम बंद, निम्मी दुकानं बंद. कालव्यावरचे बगळे तेवढे हजर होते.

सेक्रेटरी: कृपया लक्ष द्या. आज टाकी साफ करणार असल्याने दुपारी २ ते ६ पाणी बंद. वाड्यांची चर्चा चालू द्या.

६०१ दादा: कुराशिकी म्हणजे ते वेताच्या झाडांचं, होड्यांचं ना? रील्समध्ये पाहिलंय. फोटोपुरतंच असेल ते.

९०२ ताई: वेत नाही हो दादा, विलो. आणि फोटोपुरतं नाही. मलाही आधी तसंच वाटलं होतं. ते व्यापाऱ्यांचं गाव आहे, राजवाडा-किल्ल्याचं नाही. १६४२ पासून थेट शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या कारभाराखाली होतं. आसपासची बरीचशी जमीन समुद्र हटवून केलेली, आपल्या मुंबईसारखीच भरणी. खाऱ्या जमिनीत भात नीट येईना, म्हणून कापूस आणि चटयांचं गवत लावायला लागले. हा माल आणि तांदूळ इथल्या वखारींत यायचा. ‘कुरा’ म्हणजे वखारच. आज शोभेला वाटतो तो कालवा तेव्हा भरती-ओहोटीचा होता, भरती आली की होड्या आत यायच्या.

४०३ वहिनी: वा. आणि घरं आतून बघता येतात का? की बाहेरून दारं बघून परत?

९०२ ताई: ओहाशी वाडा बघता येतो, १७९६ चा. कालव्यापासून जरा बाजूला आहे, म्हणून गर्दी कमी. दारातच लांबलचक देवडी लागते. एरवी व्यापाऱ्याला असली देवडी बांधायची परवानगी नसायची, ती सामुराईंची मिजास. ओहाशींना मिळाली. आत बूट काढायचे, मोजे धड असू द्या 😄 तातामीवर (गवताच्या जाड चटईवर) बसलं की समोर छोटं अंगण. मला आजोळच्या माजघराची आठवण झाली, तसाच गार अंधार आणि पुढे उजेडाचा चौकोन.

९०२ ताई: भिंतींकडे नीट बघा हं. वखारींच्या खालच्या भागावर काळपट करड्या चौकोनी कौलांच्या फरश्या आणि त्यांच्या सांध्यांवर चुन्याचा पांढरा, फुगीर पट्टा, बोटाएवढा जाड. ह्याला ‘नामाको’ भिंत म्हणतात. नामाको हा समुद्रातला एक गुबगुबीत प्राणी, तो पट्टा तसा दिसतो म्हणून. आतली भिंत मातीची, तिला पावसापासून आणि आगीपासून राखायला हे चिलखत. मी हात लावून पाहिला, शेजारच्या आजींनी असं बघितलं की मी चटकन मागे घेतला.

११०४ नाना: आपल्याकडे गळतीला वॉटरप्रूफिंगवाला तिसऱ्यांदा येऊन गेला. त्यालाच पाठवा नामाको शिकायला.

सेक्रेटरी: नाना, तो विषय रविवारच्या मीटिंगमध्ये.

७०५ काकू: खायचं काय पण? आम्ही शुद्ध शाकाहारी.

९०२ ताई: काकू, तिथे भाजीच्या सूपमध्येसुद्धा माशाचा अर्क असतो, तेव्हा डबा न्या. किबिदांगो मात्र खा, ओकायामाची खासियत, तांदळाच्या पिठाचे मऊ गोड गोळे. निळं ‘डेनिम’ आइस्क्रीमही मिळतं. निळ्या रंगाचा वाफाळता पाव दिसेल तो घेऊ नका, आत मांस असतं. हे निळं खूळ का, तर कोजिमा हा कुराशिकीचाच भाग. तिथे आधी शाळेचे गणवेश शिवायचे, १९६५ पासून जीन्स. कापूस, सूत, कापड, जीन्स, एकातून एक निघत गेलं.

अण्णा (३०२): सूत म्हणालात? गिरणी होती का तिकडे?

९०२ ताई: अण्णा, तुम्हाला तेच सांगायचं होतं, विसरलेच. होती. अजून आहे! १८८९ साली सुरू झालेली सूतगिरणी, शोगुनच्या अधिकाऱ्याची कचेरी होती त्या जागेवर बांधलेली. लाल विटा, करवतीच्या दातांसारखं छप्पर, वरून उजेड. भिंतींवर वेली चढवल्या होत्या, आत गारवा राहावा म्हणून. १९७४ ला तिचं हॉटेल केलं. पाडली नाही. मधलं थोडं छप्पर काढून चौक केलाय, तिथे लोक कॉफी पितात.

अण्णा (३०२): करवती छप्पर म्हणजे आमच्यासारखंच. मी त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होतो, ८२ पर्यंत. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

६०१ दादा: अण्णा, आपला टॉवर उभा आहे तिथेच होती ना तुमची गिरणी?

अण्णा (३०२): बी विंग आहे तिथे आमचं खातं. पार्किंगच्या दुसऱ्या लेव्हलला गोदाम.

९०२ ताई: कुराशिकीच्या त्या गिरणीच्या मालकाचं नाव ओहारा. धाकट्या ओहारांनी कामगारांची वसतिगृहं सुधारली, हॉस्पिटल काढलं आणि १९३० ला म्युझियम बांधलं. पाश्चात्त्य चित्रांचं जपानमधलं पहिलं. जुन्या वखारींच्या मधोमध एकदम ग्रीक खांबांची इमारत! मला ती विजोड वाटली, आमच्या ह्यांना फार आवडली. आत एल ग्रेको, मोने ह्यांची चित्रं. पैसा सुताचा.

११०४ नाना: ह्यात मुंबईचाही हात आहे बरं का. १८९३ ला जमशेटजी टाटांनी पुढाकार घेतला आणि निप्पॉन युसेन कंपनीने मुंबई-कोबे बोटी सुरू केल्या. इंग्रज बोटकंपनीचं भाडं परवडेना म्हणून. आपला कापूस जपानच्या गिरण्यांत जाऊ लागला. आणि पुढे त्यांच्याच कापडाने आपल्या गिरण्यांना घाम फोडला.

७०५ काकू: नाना, तुम्ही बोर्डाच्या परीक्षेला बसा परत.

४०३ वहिनी: 😂 ताई, होडीत बसायचं का?

९०२ ताई: वीसेक मिनिटांची फेरी आहे, तिकिटं लवकर संपतात. आधी तिकीट काढा, मग फिरा. आणि कालव्यावरच थांबू नका, मागच्या होनमाची-हिगाशीमाची गल्ल्यांत जा. तिथे अजून माणसं राहतात. दाराला लाकडी जाळ्या, लांब गजांच्या मध्ये बारीक आखूड गज, आतून रस्ता दिसतो, बाहेरून आतलं दिसत नाही. आम्ही गेलो तेव्हा एका दारात कुणीतरी मुळे वाळत घातले होते. विजेच्या ताराही वर दिसत नाहीत, जमिनीखालून नेल्यात.

४०३ वहिनी: ठरलं. मंगळवारी जाते. अण्णा, गिरणीचे फोटो पाठवते तुम्हाला.

अण्णा (३०२): छपराचा आतून काढा. आणि वहिनी, तिकडे भोंगा होता का, तेवढं कुणाला तरी विचारा.

४०३ वहिनी: लेक बरोबर आहे, तिला जपानी येतं. नक्की विचारते.

अण्णा (३०२): आमचा पहिल्या पाळीचा सातला व्हायचा. आईचा चहा त्याच्यावर उकळायचा.