मदत हवी आहे: मिस्टर व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेत आहेत, मीही सोबतच नोकरी सोडावी का?

नमस्कार. महिनाभर वहीत आकडे मांडतेय. जाणकारांनी एकदा तपासून द्यावेत ही विनंती.

मी ५२ वर्षांची, नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत उपशिक्षिका. नेमणूक १९९७ ची, त्यामुळे जुनी पेन्शन. मिस्टर ५५ वर्षांचे, सातपूरच्या एका कारखान्यात. कंपनीने व्हीआरएस आणली आहे आणि त्यांचा निर्णय झालाय. २९ वर्षं तीन पाळ्या केल्या, आता गुडघे साथ देत नाहीत. प्रश्न माझ्यापुरता उरलाय.

लग्नानंतर सात वर्षं मी सुरगाण्याला, हे नाशकात. पुढे बदली जवळ मिळाली, तर यांची सुट्टी शनिवारी, माझी रविवारी. सलग आठ दिवस आम्ही एकत्र घरी होतो ते सासऱ्यांच्या दिवसांत. निफाडजवळच्या गावी सासूबाई ८१ वर्षांच्या, एकट्या आहेत. दोघांनी तिथे जाऊन राहावं असं फार वाटतं. त्यात १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या आम्हा शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हावं लागणार. माझी सहा वर्षं उरलीत. अभ्यासाची भीती नाही, पण २८ वर्षं शिकवल्यावर हे मनाला लागलं, हे खरं.

आता आकडे. यांचे व्हीआरएसचे २४ लाख, पीएफ २७, ग्रॅच्युइटी ६. यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचे (व्हीआरएस घेतलेल्यांना ५५ पासून चालते, पण पैसे हातात आल्यावर मुदतीत भरावे लागतात). सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिन्याला २०,५००. यांची ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन जेमतेम चार हजार, आणि ५८ च्या आधी सुरू केली तर दरवर्षाला ४ टक्के कमी.

माझं मूळ वेतन ६६,०००. स्वेच्छानिवृत्तीची २० वर्षांची अट केव्हाच पूर्ण झालीय. आता थांबले तर मूळ पेन्शन ३३,०००, महागाई वाढ धरून ५० हजारांच्या पुढे. ५८ पर्यंत नोकरी केली तर दरवर्षीची ३ टक्के वेतनवाढ धरून मूळ पेन्शन ३९,००० च्या आसपास. घरखर्च सासूबाईंच्या औषधांसह ५५,०००. गृहकर्ज फिटलंय. मुलगी पुण्यात नोकरीला, मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. माझा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी दोघांच्या लग्नांसाठी बाजूला ठेवणार, त्याला हात लावायचा नाही.

आजच्या घडीला जमतं. मला झोप लागत नाही ती पुढच्या वीस वर्षांच्या विचाराने. यांचे २०,५०० आहेत तेवढेच राहणार, किराणा राहणार नाही. वाढत जाणारी एकच आवक, माझी पेन्शन. मी आधी गेले तर यांना कुटुंब निवृत्तिवेतन मूळ वेतनाच्या ३० टक्के. आज थांबले तर ते १९,८००, सहा वर्षांनी सुमारे २३,६००, अधिक महागाई वाढ. त्या फरकासाठी सहा वर्षं द्यावीत का, हे मला एकटीला ठरवता येत नाही.

दुसरी काळजी आजारपणाची. यांना साखर आहे. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपणार, आणि नवीन पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मी सेवेत असले तर वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळते. म्हणून असं सुचतंय की पॉलिसी आजच काढावी, टीईटी द्यावी, आणि प्रतीक्षाकाळ संपेपर्यंत, म्हणजे ५५ पर्यंत, नोकरी करावी. तोवर मुलाचं शिक्षणही संपेल. पण ती तीन वर्षं हे गावी आणि मी पुन्हा नाशकात. सुरगाण्याचंच उलटं.

हे म्हणतात, "पैशाचं होईल काहीतरी, तू चल."

ज्यांनी दोघांनी एकदम निवृत्ती घेतली, त्यांनी कृपया सांगा: महागाईसाठी किती रक्कम वेगळी ठेवली होती, आणि ती पुरली का? पेन्शनचं अंशराशीकरण (काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं) केलंत का? ४० टक्के विकली तर १३-१४ लाख हाती येतील, पण १५ वर्षं महिन्याला १३,२०० कमी. ईपीएस आत्ता सुरू करावी की ५८ पर्यंत थांबावं? आणि शिक्षक भगिनींपैकी कोणी ५५ ला बाहेर पडलं असेल तर कागदपत्रांना किती महिने लागले तेही लिहा. यांचा अर्ज महिनाअखेरीला जाईल. माझी तीन महिन्यांची नोटीस द्यायची की नाही, ते त्याआधी ठरवायचंय.