गाडीची बॅटरी वारंवार उतरते : कारण कसे सापडले?

नवी बॅटरी बसवूनही ती पुन्हा उतरते, असे अनेकांच्या बाबतीत घडते. बॅटरी चार्ज धरत नाही, अल्टरनेटर तिला भरत नाही, की बंद गाडीत कुठेतरी वीज खर्च होते, हे तीन वेगळे दोष आहेत. आपण नेमका दोष कसा ओळखलात, हे मोजलेल्या आकड्यांसह लिहावे, ही विनंती.

*

माझ्या गाडीत बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही निर्दोष होते. त्यामुळे निगेटिव्ह केबल सोडवून, ती केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडला. गाडी लॉक केल्यावरही आतील कंट्रोल युनिट पूर्ण शांत व्हायला अर्धा तास लागू शकतो, म्हणून सुरुवातीच्या आकड्यावर विसंबू नये. हा प्रवाह साधारणपणे ५० मिलीअँपिअरच्या आत असावा. माझ्याकडे तो ४०० च्या आसपास स्थिरावला, म्हणजे दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-अवर, आणि ४५ अँपिअर-अवरची बॅटरी एवढ्या गळतीपुढे फार दिवस टिकूच शकत नाही. एकेक फ्यूज काढत गेल्यावर डिकीच्या दिव्याचे सर्किट सापडले. झाकण लावल्यावरही त्याचा स्विच दाबला जात नव्हता. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र कधीही मारू नये, कारण तो प्रवाह शेकडो अँपिअरचा असतो.

*

आमच्याकडे इंजिन चालू असतानाही टर्मिनलवर १२.३ व्होल्टच दिसत होते. तिथे साधारण १३.८ ते १४.५ हवेत. अल्टरनेटरचा पट्टा सैल होता.

*

बॅटरी पूर्ण चार्ज केली, काही तासांनी १२.६ व्होल्ट मोजले आणि निगेटिव्ह केबल काढून ठेवली. गाडीशी संबंध तुटलेला असूनही सकाळी आकडा १२.१ वर आला, तेव्हा दोष बॅटरीतच आहे हे निर्विवाद ठरले. ही चाचणी बिनखर्चाची आहे आणि माझ्या मते सर्वांत आधी हीच करावी.

*

डिकीच्या दिव्याचा अनुभव फार उपयुक्त आहे. त्याला एक पुरवणी जोडतो. नव्या गाड्यांत फ्यूज काढून पुन्हा बसवल्यास शांत झालेले युनिट जागे होते आणि मोजमाप बिघडते. त्याऐवजी फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या दोन उघड्या टोकांवर मिलीव्होल्ट मोजावेत. शून्याहून वेगळा आकडा आला, तर त्या सर्किटमधून प्रवाह वाहत आहे.