डोंगराकडच्या आरसीसी भिंतीला ओल आणि गंजाचे डाग: आगोटीआधी काय करावं?

चिरेबंदी:
रत्नागिरी तालुक्यातलं घर, बांधकाम २००८ चं. उतार कापून जागा केली आहे. मागची ९ फुटी आरसीसी भिंत हीच खोल्यांची भिंत, तिच्यामागे वरपर्यंत मातीचा भराव. बाकी तिन्ही भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. पावसात मागची भिंत पूर्ण उंचीभर पाझरते. चिऱ्याला मात्र खालच्या दोन-अडीच फुटांतच लोणा (मिठाचा पांढरा थर) लागतो. मागच्या भिंतीवर तीन ठिकाणी तांबूस डाग आहेत, एका ठिकाणी पोपडा सुटून सळई दिसते. एक कारागीर म्हणतो, आतून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारू. दुसरा म्हणतो, भिंतीला भोकं पाडून पाणी सोडू. कोणाचं ऐकावं?

जोता_ते_कौल:
आत्ता तरी दोघांचंही नको. वीप होल, म्हणजे पाणी सोडायची ती भोकं, मोकळ्या संरक्षक भिंतीला ठीक, इथे ती तुमच्या खोलीत उघडतील. आणि आतून मारलेल्या रंगाला मागचं पाणी ढकलून देतं, फुगे येऊन सुटतो.

पाणी भिंतीमागेच अडवायला हवं. त्याआधी भिंतीला पोट आलंय का, साधारण मध्यावर आडवी भेग आहे का, हे ओळंब्याने बघा. असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर आल्याशिवाय भरावाला हात लावू नका.

खोदाई डिसेंबर ते एप्रिलमध्येच. सगळी लांबी एकदम उघडू नका, दीड-दोन मीटरचे टप्पे करा; ९ फूट खोल चराला टेकू लागतातच. पायाच्या तळाखाली जाऊ नका. भिंत ब्रशने साफ करून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ भाग पॉलिमर मॉर्टरने भरा, त्यावर पॉलिमर-सिमेंटचे दोन हात आणि संरक्षणाला ड्रेन बोर्ड (पाणी खाली वाहू देणारा उठावाचा प्लास्टिक पत्रा). तळाशी, आतल्या फरशीच्या पातळीखाली, ११० मिमीचा छिद्रांचा पाइप, छिद्रं खाली, उतार १०० ला १. भोवती ३०० मिमी रुंद २० मिमी खडी, सगळं जिओटेक्स्टाइलमध्ये (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) गुंडाळून. कापड वगळलं तर जांभ्याची बारीक माती खडीत शिरून पाइप बुजतो. पाइपचं तोंड उताराला मोकळं सोडा आणि कोपऱ्यावर साफ करायला उभा पाइप ठेवा. वरचा एक फूट दाबून घट्ट मातीचा, घरापासून लांब उतार देऊन. डोंगराच्या बाजूला वरून येणारं पाणी वळवणारा पक्का चर हवाच, आणि पागोळ्या त्या भरावावर पडत असतील तर पन्हळ लावा.

चिरेबंदी:
यंदा एवढी खोदाई जमली नाही तर? आणि सळईचं काय करायचं?

काँक्रीट_तपासणी:
यंदा निदान वरचा चर आणि पन्हळ करून घ्या, भरावात मुरणारं पाणी बरंच कमी होईल.

सळईआधी कारण शोधा. सुटलेल्या जागी ताजा तुकडा फोडून फिनॉल्फ्थॅलीन (अल्कधर्मी काँक्रीटवर गुलाबी होणारं रसायन) शिंपडा. गुलाबी झालं नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कधर्मीपणा संपलाय. गुलाबी होऊनही सळई गंजलेली असेल तर क्लोराइडचा, म्हणजे मिठाचा संशय; खाडीची वाळू न धुता वापरली की असंच होतं. अशा वेळी पावडरचा नमुना प्रयोगशाळेत द्या, कारण क्लोराइड असताना फक्त एक ठिगळ लावलं तर गंज त्याच्या कडेला नव्याने सुरू होतो.

दुरुस्ती करताना सळईच्या मागेही २० मिमी मोकळं होईपर्यंत काँक्रीट काढा, नुसत्या पुढच्या बाजूने नाही. तारेच्या ब्रशने चमक येईपर्यंत घासा, झिंक प्रायमर, बाँडिंग कोट, मग पॉलिमर मॉर्टर थराथराने. सळई बारीक झाली असेल तर जोड सळईचं इंजिनिअरला विचारा. किनाऱ्याजवळच्या कामाला आयएस ४५६ (काँक्रीट कामाचं भारतीय मानक) एम ३० ताकदीचं काँक्रीट आणि ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, मागतं. तुमचं किती आहे ते कव्हर मीटरने मोजून घ्या.

जोता_ते_कौल:
चिऱ्याच्या भिंतींचं दुखणं वेगळं आहे, तिथे जमिनीतून ओल चढतेय, म्हणजे जोत्यावर डीपीसी (ओल वर चढू न देणारा थर) नाही किंवा फाटलीय. लोण्याच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत सिमेंटचा गिलावा काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर मीठ पुन्हा आत मुरतं. डीपीसी इंजेक्शन करायचंच तर पातळ द्रव नको, सिलेन क्रीम (ओल अडवणारं घट्ट रसायन) घ्या, चिऱ्याच्या पोकळ्यांत द्रव वाहून जातो. १२ मिमीची भोकं, दर ४ इंचांवर, सांध्याच्या ओळीत. नंतर चुन्याचा गिलावा, वर चुनाच. पुट्टी आणि ऑइलपेंट तिथे नकोत, ओल वर सरकते.