'अटी व शर्ती' : एक शब्द पुरेसा नाही का?

अनुवादी
भाडेकरारापासून मोबाइल ॲपपर्यंत सगळीकडे 'अटी व शर्ती' असतातच. माझ्या मते यातला एक शब्द निव्वळ भरतीचा. 'टर्म्स अँड कंडिशन्स' दिसलं, की आपणही जोडी जमवून मोकळे होतो. सही करणाऱ्याला मात्र वाटतं, अटी वेगळ्या असतील आणि शर्ती वेगळ्या. नुसतं 'अटी' लिहावं.

शब्दवेडा
मुळीच पटलं नाही. जोडशब्द ही मराठीची जुनी खोड आहे. कागदपत्र, धनदौलत, मानमरातब यांतलाही एकेक शब्द काढणार का? शिवाय अदलाबदल करून पाहा. माफी बिनशर्त असते, जामीन सशर्त असतो. तिथे 'अट' बसवून दाखवा. अरबीतून आलेल्या या शब्दाचंच भावंड 'शर्थ', प्रयत्नांची शर्थ करतो ती. इतका मुरलेला शब्द भरतीचा कसा?

अनुवादी
शब्द टाकून द्या असं म्हणत नाहीये. 'बिनशर्त' खुशाल राहू दे. पण एकाच मथळ्यात दोन्ही कशाला? 'सशर्त जामीन' म्हणजे अटी घालून दिलेला जामीनच ना!

दस्तलेखक
करार लिहिणं हेच माझं काम, म्हणून सांगतो. 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 12 शर्त आणि हमी यांत फरक करतं. व्यवहाराच्या मुख्य हेतूलाच आवश्यक असते ती शर्त. ती मोडली तर खरेदीदाराला करार मोडीत काढता येतो. हमी दुय्यम. ती मोडली तर भरपाई मागा, पण तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही. सगळ्याला 'अट' म्हटलं तर हा फरक कुठे दिसणार?

अनुवादी
त्याच कलमात पुढे असंही आहे, की करारात 'हमी' म्हटलेली गोष्ट शर्त ठरू शकते. म्हणजे कायदासुद्धा नुसत्या नावावर विसंबत नाही. मग सरळ लिहा ना, 'हे पाळलं नाही तर करार रद्द करता येईल'. वाचणाऱ्याला तेच कळायला हवं.

दस्तलेखक
परिणाम लिहावा हे शंभर टक्के मान्य, मी लिहितोही. पण 'शर्त' हटवू नका. महाराष्ट्रात 'नवीन शर्तीची जमीन' परवानगीशिवाय विकली, तर शर्तभंगाची कारवाई होते. सातबाऱ्यावरचा तो शेरा न समजल्यामुळे माणसं अडकतात. तिथे गुळगुळीत 'अट' लिहून कुणाचंच भलं होणार नाही.

अनुवादी
जमिनीच्या कागदांपुरतं मान्य. ॲपच्या मथळ्यात मात्र मी 'अटी'च लिहिणार.