टंग जॅकला पाय कोणता लावावा? ठोकळे रचून रचून वैताग आलाय

भटकी_चाकं:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते शेवटी विचारतोच. आमचा ट्रॅव्हल ट्रेलर सामानसुमान, पाणी सगळं भरून साधारण 2200 किलो होतो. पुढे ए-फ्रेमवर (नाकाकडची त्रिकोणी चौकट) हाताने फिरवायचा टंग जॅक आहे, म्हणजे ट्रेलरचं नाक वरखाली करणारा उभा जॅक, स्ट्रोक (आतला पाइप बाहेर येण्याची लांबी) 15 इंच, आणि आतल्या पाइपला खाली पिनने अडकवलेली एक लोखंडी प्लेट, जेमतेम 12 बाय 12 सेंटीमीटरची. जॅक पूर्ण वर घेतला की प्लेट आणि जमीन यात 11 इंच अंतर राहतं. म्हणजे थांबलो की दर वेळी एकतर अर्धा तास दांडा फिरवत बसा नाहीतर खाली लाकडी ठोकळे रचा, आणि मी ठोकळे रचतो.

मागच्या खेपेला पाऊस पडून गेलेला, जमीन ओली होती. ट्रेलर गाडीपासून सोडवला आणि सोडवल्या सोडवल्या तो बोटभर मागे सरकला, चाकांना चॉक (अडसर) लावले होते पण सैल बसले असणार. बोटभरच, पण तेवढ्यात जॅकची प्लेट वरच्या ठोकळ्याच्या कडेला गेली आणि ठोकळा रेषेत उभा तडकला, कट्ट असा आवाज झाला. नाक दोन इंच खाली आलं. माझी मुलगी कपलरपासून (ट्रेलर गाडीच्या बॉलवर अडकतो तो भाग) हातभर अंतरावर उभी होती. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता ठोकळे बंद करायचेत. वाचून वाचून चार प्रकार कळले, एक पिन काढून खालीवर करता येणारा लांब पाय, दुसरा जॅक वर घेतला की आपोआप दुमडणारा घडीचा पाय, तिसरं चाक, आणि चौथा म्हणजे आहे तीच प्लेट ठेवून खाली प्लास्टिकचा मोठा पॅड. यातलं नक्की काय घ्यावं? आणि घेताना मोजायचं काय काय?

वेल्डर_भाऊ:
मुलीला लागलं नाही हे वाचून बरं वाटलं दादा. आधी चाक यादीतून काढून टाका. चाक हलक्या ट्रेलरला, सिमेंटच्या सपाट जागेवर हाताने दोन पावलं ढकलायला ठीक आहे. 2200 किलोचा ट्रेलर तुम्ही हाताने ढकलणार नाही, मऊ जमिनीत ते चाक रुतणार, आणि चाकावर नाक टेकवून ट्रेलर उभा ठेवणं म्हणजे जो घसरायला नको त्यालाच आपण चाक दिलं.

मोजायचं म्हणाल तर पहिलं आतल्या पाइपचा बाहेरचा व्यास. बऱ्याच ए-फ्रेम जॅकचा सव्वादोन इंच असतो म्हणजे 57 मिलिमीटर, पण दोन इंचीही असतात, तेव्हा अंदाजाने मागवू नका, व्हर्नियर लावा. नसेल तर पाइपभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि 3.14 ने भागा. दुसरं पिनचं भोक, त्याचा व्यास आणि पाइपच्या तोंडापासूनचं अंतर. या दोन मापांत चूक झाली की पाय बसतो खरा पण डुगडुगतो. मी स्वतः एकदा अडीच मिलिमीटर सैल पाय लावला होता, रस्त्याने खडखड आवाज तर येतच होता पण खरा त्रास वेगळा, वजन आलं की पाय पाइपच्या रेषेत न राहता किंचित तिरपा व्हायचा आणि सगळा भार पिनच्या एका बाजूवर. सहा महिन्यांत पिनला वाक आला आणि भोक लांबट झालं. तेव्हापासून आर पिनऐवजी (R आकाराची तारेची पिन) आरपार बोल्ट आणि नायलॉक नट (आपोआप सैल न होणारा) लावतो, आणि फट राहत असेल तर पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून मग पाय चढवतो.

तिसरं वजन. नाकावरचा भार एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के धरतात, म्हणजे तुमचा 220 ते 330 किलो. पण पाय तेवढ्याच भाराचा घेऊ नका. तुमच्या हिचला (गाडीकडची जोडणी) वेट डिस्ट्रिब्यूशनचे स्प्रिंग बार, म्हणजे नाकाचा भार बाकी चाकांवरही वाटणारे बार, आहेत का? असतील तर ते सांगा, मग हिशोब बदलतो.

ओली_माती:
भाऊ चाकाबद्दल बरोबर बोलले. मी मात्र पॅडबद्दल बोलणार कारण आम्ही वर्षातले निम्मे मुक्काम गवतावर नाहीतर वाळूत करतो.

दादा तुमच्या प्लेटचा हिशोब करून बघा. 12 बाय 12 म्हणजे 144 चौरस सेंटीमीटर, त्यावर 280 किलो धरले तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ 2 किलो. तोच भार 30 बाय 30 च्या पॅडवर टाकला तर 900 चौरस सेंटीमीटर झाले, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर जेमतेम 300 ग्रॅम. ओल्या मातीत पाय खचतो की नाही हे या आकड्यावर ठरतं, लोखंड किती जाड आहे त्यावर नाही. कडक उन्हात डांबरावरसुद्धा हेच होतं, लहान प्लेटचा चौकोनी खड्डा उमटतो आणि सकाळी बघावं तर नाक झुकलेलं.

पण पॅड जाडच हवा. मी सुरुवातीला पातळ प्लायवूडचा तुकडा कापून घेतला होता, मस्त मोठा, दीड फूट. प्लेट मधोमध टेकली की प्लाय बशीसारखा वाकायचा, कडा वर उचलल्या जायच्या आणि भार पुन्हा मधल्या वीतभर जागेवरच. मोठा आकार नुसता दिसायला राहिला. आता दोन इंच जाडीचा खाली जाळीसारख्या रिब असलेला पॅड आहे, वर मधोमध बशीएवढा खळगा, त्यात प्लेट बसते त्यामुळे तुमच्यासारखं कडेला सरकायचं भय कमी. खळग्यात पाणी साठतं तेवढं बघा, मी ड्रिलने दोन भोकं पाडली.

आणि चिखलातून पाय वर घेताना सरळ दांडा फिरवू नका, चिखल पॅडला चोखून धरतो. आधी गाडी नीट जोडायची, कपलर लॉक करायचा, मग पॅडच्या कडेला फावडं किंवा पहार घालून हवा आत शिरू द्यायची, लगेच सुटतो.

भटकी_चाकं:
खूप खूप आभार दोघांचे. भाऊ हो, स्प्रिंग बार आहेत, दोन. बार चढवताना मी जॅकनेच नाक वर उचलतो, मगच चेन अडकवता येते.

ताई पॅडचं पटलं, पण पॅड दोन इंचाचा, माझं अंतर 11 इंच. उरलेले 9 इंच दांडाच फिरवावा लागणार ना? माझ्या जॅकला एका इंचाला 8 फेऱ्या लागतात, मोजल्यात मी. म्हणजे जाताना 72 येताना 72. खांदा दुखतो हो.

वेल्डर_भाऊ:
तेच विचारायचं होतं. बार चढवताना तुम्ही नुसता ट्रेलर उचलत नाही, ट्रेलर गाडीला जोडलेला असतो त्यामुळे गाडीचा मागचा भागही स्प्रिंगवरून वर ओढता. त्या दोन मिनिटांत जॅकवर नाकाच्या वजनापेक्षा बराच जास्त भार येतो. मुक्कामाला उभा असताना 280 असेल पण बार चढवताना त्याच्या दुप्पटही होऊ शकतो. म्हणून पाय घेताना जॅकवर लिहिलेली क्षमता बघा आणि पायाची क्षमता त्याच्याएवढी किंवा जास्त हवी, कमी नको. जॅक 1500 किलोचा आणि खाली पाय 500 चा, असं लावलेलं मी पाहिलंय.

दुसरं म्हणजे आतला पाइप जितका बाहेर तितका तो लचकतो. 15 इंचातले 13 इंच बाहेर आणि वर हिसका बसला तर वाकायला वेळ लागत नाही, आणि एकदा पाइपला बाक आला की तो बाहेरच्या पाइपात घासत जातो, दांडा जड होतो, लोक म्हणतात ग्रीस घाला. ग्रीसने काही होत नाही मग. लांब पाय लावला की पाइप कमी बाहेर येतो, हा त्याचा फेऱ्या वाचण्यापेक्षाही मोठा फायदा आहे असं माझं मत.

चढण_उतार:
मधेच बोलतो, लांब पायाचं एवढं कौतुक चाललंय म्हणून एक धोक्याची गोष्ट सांगतो. सपाट जागेवर अंतर 11 इंच, मग 10 इंचाचा पाय घेतला, असं करू नका. ट्रेलर अशा जागी लावा जिथे पुढची जमीन उंच आहे, मग लेव्हल करायला नाक खाली न्यावं लागतं, आणि खाली 10 इंचाचा पाय आधीच टेकलेला, जॅक पूर्ण वर घेतला तरी नाक खाली जात नाही. आम्ही एका रात्री अशाच ट्रेलरमध्ये डोकं वर पाय खाली करून झोपलो, फ्रिजचं दार आपोआप उघडत होतं. सकाळी गाडी जोडताना तोच घोळ, कपलर बॉलवर टेकेपर्यंत खालीच येईना. शेवटी पायाखाली खड्डा खणला.

म्हणून अंतर मोजताना सपाट जागेचं एकच माप घेऊ नका, तुम्हाला भेटलेल्या सगळ्यात वाईट चढावरचं पण घ्या. मी 6 इंचाचा ठेवलाय, दोन-तीन भोकं असलेला, चढ असला की पिन वरच्या भोकात. उरलेलं पॅड आणि चार-पाच इंच दांडा.

हो आणि डावं-उजवं लेव्हल जॅकने होत नाही, ते गाडी जोडलेली असतानाच चाकाखाली रॅम्प घालून आधी करायचं, मग चाकाच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे चॉक ठोकून बसवायचे, मग सोडवायचं. दादा तुमचा ठोकळा तडकला ते ठोकळ्यापेक्षा सैल चॉकमुळे, पाय कितीही भारी घेतला तरी ते राहणारच.

दुमडता_पाय:
घडीच्या पायाबद्दल कोणीच सांगितलं नाही, मी तीन वर्षं वापरतोय. जॅक अगदी वर आला की पायाचा लिव्हर बाहेरच्या पाइपच्या तोंडाला लागतो आणि पाय खटकन दुमडतो. पावसात वाकून पिन शोधायची नाही, गुडघे भिजत नाहीत, पिन हरवायचा प्रश्न नाही. मला कंबरेचा त्रास आहे त्यामुळे माझ्यासाठी ह्याला पर्याय नाही. पण दोन गोष्टी. एक, बिजागरीत चिखल वाळला की पूर्ण दुमडत नाही आणि अर्धा लोंबत राहतो, निघण्याआधी डोळ्यांनी बघायचंच, आवाजावर विश्वास नको. दुसरं, दुमडल्यावर तो ज्या बाजूला जातो तिथे जागा हवी, स्प्रिंग बारच्या चेन किंवा गॅसच्या टाकीचा पत्रा आड येतो का ते पुठ्ठ्याचा तुकडा त्याच मापाचा कापून आधी फिरवून बघा. मी नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने लावला आणि एकदा काढून 90 अंशात फिरवून परत लावावा लागला.

भटकी_चाकं:
मंडळी, आठवड्याने कळवतोय. पाइप 57 मिलिमीटरच निघाला. घडीचा पाय मनात भरला होता पण पुठ्ठा फिरवून बघितला तर एका बाजूला चेन, दुसऱ्या बाजूला ब्रेकची वायर, म्हणून पिनचा 6 इंची घेतला, तीन भोकांचा, क्षमता जॅकएवढीच. आरपार बोल्ट, नायलॉक नट. खाली खळग्याचा जाड पॅड 30 बाय 30, दोन इंच. त्यामुळे 11 पैकी 8 इंच तिथेच गेले, दांडा 3 इंच म्हणजे 24 फेऱ्या. बार चढवताना पाइप आता जेमतेम 6-7 इंच बाहेर येतो आणि पूर्वी नाक जसं डुलायचं ते दिसलं नाही.

चॉक नवे घेतले, रबरी, आणि हातोडीने ठोकून बसवतो. सोडवताना मुलीचं काम आता ट्रेलरच्या मागे उभं राहून... नाही, मागे पण नाही, बाजूला दहा पावलांवर उभं राहून चाक हललं तर ओरडायचं. काल तिने दोनदा "थांब बाबा" म्हटलं, एकदा खरंच चाक किंचित हललं होतं. चॉक परत ठोकला.

एक शंका राहिली, बोल्ट लावल्यावर भोक बदलायचं तर दर वेळी पाना लागणार. चढावर कसं करता?

चढण_उतार:
पाइपला बसणारा वरचा बोल्ट कायमचा राहू द्या. उंची बदलायची ती खालच्या सरकत्या भागाची भोकं, तिथे पिनच, पण जाड घ्या आणि तारेने पायालाच बांधून ठेवा.