पुलाले बोट धडकली न केस पुलावर? लिंकनवाली केस सांगा कोनी

वैनगंगाकाठ: आमच्या गावात पूल झाला तवापासून डोंगा चालवनाऱ्या काकाचा धंदा बसला. परवा पारावर म्हणत होते का नदी आधी आमची, पूल मंग आला. एका मास्तरनं सांगतलं का अमेरिकेत याच्यावरूनच केस झाली होती आन वकील अब्राहम लिंकन. खरं हाय का गा? जितलं कोन?

पोट्टा_झाडीतला: खरं हाय भौ. मिसिसिपीवरचा पयला रेल्वे पूल, रॉक आयलंड ते डॅव्हनपोर्ट, एप्रिल १८५६ मधी चालू झाला न ६ मेले एफी आफ्टन नावाची वाफेची बोट त्याच्यातून वर निघाली, पुढं गेल्यावर तिचं एक चाक बंद पडलं, धारेनं मांगं ओढली न खांबावर आपटली, आग लागली, बोट जळाली आन पुलाचा एक गाळाबी. बाकीच्या बोटीवाल्यांनी म्हणे खुशीत भोंगे वाजवले 😄 मालकानं पूल कंपनीवर दावा ठोकला.

कोर्टाची_तारीख: सप्टेंबर १८५७, शिकागो. लिंकन पूल कंपनीकडून होता. त्याचं म्हणणं साधं, नदीतून वर-खाली जायचा जेवढा हक्क तेवढाच आडवं पार जायचा. आणि नुसतं बोलला नाही, हिशोब मांडला, ११ महिन्यांत पुलावरून १२,५८६ मालडबे आणि ७४,१७९ प्रवासी गेले, वर नदीतली वाहतूक वर्षातले जवळपास चार महिने बंदच असते. ज्युरीत, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या पंचात, ९ पुलाकडून, ३ बोटीकडून, एकमत झालंच नाही. म्हणजे जितलं कोणीच नाही, पण पूल राहिला.

पोट्टा_झाडीतला: याच्या आधी ओहायो नदीवर व्हीलिंगच्या पुलाचं झालं होतं, बोटीचं धुराडं खालून जात नव्हतं. १८५२ मधी सुप्रीम कोर्टानं सांगतलं पूल १११ फूट उंच करा नाहीतर काढा, तर त्याच वर्षी संसदेनं कायदा करून पूल कायदेशीर ठरवला, मंग १८५४ च्या वादळानं तो पाडला. कोर्टाले नाई जमलं ते वाऱ्यानं केलं बाप्पा.

वैनगंगाकाठ: काकाले वाचून दाखवलं. ते चार महिन्याचं आयकून हासले. म्हणे आमच्या इथं उलटं हाय, पुरात पूलच पान्याखाली जाते, तवा बाळंतीन न्यायले डोंगाच लागते. त्या वकिलाले हे कोनी इचारलं नाई का?