पैसे घेऊन केलेला कोकणाचा व्हिडिओ खोटाच असतो का?

खाडीकाठ :
'सड्यावरून' यांनी काल लिहिले की, पैसे घेऊन व्हिडिओ करणारा प्रत्येक जण कोकण विकायला बसला आहे आणि प्रामाणिक माणूस प्रायोजित व्हिडिओ करणारच नाही. या कामावर माझे घर चालते, म्हणून सविस्तर उत्तर देतो. वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात जाताना टिपायची, तर भल्या सकाळी किनाऱ्यावर उभे राहावे लागते. त्या दिवशी घरट्यातून पिल्ले निघालीच नाहीत, तर मुक्काम वाढतो आणि त्यासोबत गाडीचा, कॅमेऱ्याचा, संकलनाचा खर्चही वाढतो. यूट्यूब आपल्या जाहिरातींतून माझ्यासारख्याला जे देते, त्यात हे भागत नाही. म्हणून मी मसाल्यांचे, बॅगांचे, कधी एखाद्या रिसॉर्टचे प्रायोजित व्हिडिओ करतो आणि तसे तोंडाने सांगतो. भारतीय जाहिरात मानक परिषदेचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत. व्हिडिओ दोन मिनिटांहून मोठा असेल, तर ज्या भागात उत्पादनाविषयी बोलणे चालू आहे त्या संपूर्ण भागात जाहिरातीची खूण दिसली पाहिजे, असे ते सांगतात. मी ते पाळतो. वर्तमानपत्राने पानभर जाहिरात छापली म्हणून कोणी त्याच्या संपादकाला विकाऊ म्हणत नाही. मग आम्हालाच का?

सड्यावरून :
कारण वर्तमानपत्रातली जाहिरात 'माझ्यावर विश्वास ठेवा, मित्रांनो' असे म्हणत नाही. मागील वर्षी आम्ही अशाच एका निर्मात्याच्या शिफारशीवरून जून महिन्यात आईला घेऊन तारकर्लीला गेलो. व्हिडिओत निळेशार पाणी होते, स्नॉर्कलिंग होते, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी होती. प्रत्यक्षात होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या होत्या, समुद्र खवळलेला होता आणि आईने किल्ला मालवणच्या धक्क्यावरून लांबूनच पाहिला. पावसाळ्यात जलक्रीडा आणि किल्ल्याची वाहतूक बंद असते, हे त्या माणसाला ठाऊक नव्हते असे मी मानत नाही. चित्रीकरण हिवाळ्यातले, व्हिडिओ टाकला मे महिन्याच्या अखेरीस, कारण रिसॉर्टला पावसाळी खोल्या भरायच्या होत्या. प्रायोजित असल्याची खूण मात्र होती. तिचा आम्हाला काय उपयोग झाला?

माडाखालची खोली :
आपण दोघेही पैशांबद्दल बोलत आहात, म्हणून फुकटाबद्दल मी बोलते. देवबागला आमचा लहानसा होमस्टे आहे. 'दोघे येतो, प्रसिद्धी देतो' असे सांगून सहा जण येतात, तेही मे महिन्यातल्या शनिवारी, जेव्हा त्याच खोल्यांना भाडे देणारी माणसे मला परत पाठवावी लागतात. सुरमई, तिसऱ्या, सोलकढी, सगळे रीतसर वाढायचे. एका चमूने नंतर व्हिडिओत सांगितले की, आम्ही स्वखर्चाने राहिलो. शेजारच्या वहिनींनी अशांना नकार दिला, तर त्यांची खोली अस्वच्छ असल्याचा शेरा पडला. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत फुकट सहली आणि हॉटेलमधला मुक्काम हेसुद्धा जाहीर करावयाच्या लाभांत धरले आहेत. खाडीकाठ, आपण कोणाकडे फुकट राहिला आहात की नाही, एवढे स्पष्ट सांगा.

खाडीकाठ :
राहिलो आहे, आणि प्रत्येक वेळी व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगितले आहे. ताई, आपल्या घरी जे घडले ते संतापजनक आहे, परंतु त्या चमूचा हिशेब माझ्याकडून मागू नका.

कातळबाग :
हिशेब मागायचाच असेल, तर आंब्याचा मागू या. देवगड तालुक्यात आमची वडिलोपार्जित बाग आहे. एका निर्मात्याने 'शेतकऱ्याचे कष्ट लोकांना दाखवू' असे सांगून आमच्याकडे घळाने, म्हणजे लांब काठीच्या जाळीने, आंबे उतरवण्यापासून पेटीत पेंढा भरण्यापर्यंत सर्व चित्रित केले. पुढच्या हंगामात तीच दृश्ये शहरातल्या एका विक्रेत्याच्या जाहिरातीत दिसली. त्या विक्रेत्याने आमच्याकडून एक डझनही घेतलेला नव्हता. ज्यांना हापूस म्हणून जाड सालीचा, पिवळ्या गराचा भलताच आंबा मिळाला, त्यांनी जाहिरातीतली आमची बाग ओळखून आम्हाला फोनवर दूषणे दिली. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ते नाव ठरावीक प्रदेशातल्या फळासाठीच राखले गेले. ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या फळासाठी आहे. पेटीवर 'देवगड' छापायला मात्र कोणताही छापखाना तयार असतो, आणि त्या पेटीला विश्वासू चेहरा पुरवण्याचे काम आपली मंडळी करतात.

खाडीकाठ :
आंबा कापून तो कोणत्या कातळावर वाढला हे मी कसे सांगणार? विक्रेता लेखी देतो, त्यावर मी विसंबतो. आम्ही प्रयोगशाळा नाही.

कातळबाग :
हे उत्तर ऐकूनच माझे डोके तापते. प्रयोगशाळा कोणी मागितली? विक्रेत्याला विचारा की, माल कोणत्या बागेचा आहे, आणि त्या बागायतदाराला एक फोन करा. मानांकनाची नोंदणी मागा. देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामापासून फळावर कोड असलेला स्टिकर आणला आहे, तो कॅमेऱ्यासमोर तपासून दाखवा. जून सरत आला तरी 'ताजा देवगड हापूस' म्हणणाऱ्याचे पैसे घेताना तरी शंका यायला हवी. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याने योग्य ती पडताळणी केली असेल, तरच तो सुटतो. 'विक्रेत्याने सांगितले' ही पडताळणी नव्हे.

सड्यावरून :
मी हेच सांगत होतो. सगळे विकाऊच.

माडाखालची खोली :
आपण ते सांगत नव्हता, आपण सर्वांना एका माळेत ओवत होता. आमच्या घरी पहिले पाहुणे एका मुलीच्या व्हिडिओमुळेच आले. तिने भाडे दिले, आणि रस्ता अरुंद आहे आणि मोठी गाडी वळत नाही, हे तिने सांगितले. मी तिच्यावर रागावले होते, परंतु येणारे लोक लहान गाड्या घेऊन आले आणि कोणी कुरकुर केली नाही.

सड्यावरून :
तिने भाडे दिले होते, हा फरक आपणच सांगितलात. तरीही 'प्रत्येक जण' हा शब्द मी मागे घेतो. बाकीचे विधान कायम आहे.

खाडीकाठ :
चित्रीकरणाचा महिना पडद्यावर लिहायला माझी हरकत नाही, यापुढे लिहीन. आंब्याच्या जाहिरातीसाठी बागायतदाराशी बोलणेही मान्य आहे, जरी त्यामुळे निम्मे विक्रेते माझ्याकडे फिरकणार नाहीत आणि ते दुसऱ्या कोणाकडे तरी जातीलच.

कातळबाग :
जाऊ देत. ते जिथे जातील तिथे मी हाच प्रश्न विचारायला येईन. आणि माझ्या बागेची दृश्ये ज्यांनी वापरली, त्यांनी तो व्हिडिओ अजूनही काढलेला नाही.